वेलदोड्याच्या डबीतला फ्लॅशर

चौकात कुणीतरी उतरवून टाकलेलं लिंबू उचलून घरी आणून त्याचं लोणचं घातलेली बाई आहे मी. लोणचं झकास झालं होतं. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतलं आणि मीही उगाच कुणाला काही सांगितलं नाही… तेव्हा भूत, चकवा, हडळ या मंडळींशी माझा संबंध किती, ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

मग आज हे कशाला लिहायला बसले? रागानं. मागच्या महिन्यात इथल्याच एका अनुभवाखाली मी साध्या दोन ओळी लिहिल्या — आमच्याकडे गाडीचा काढून ठेवलेला एक भाग स्वयंपाकघरात आपोआप वाजायचा. त्यावर एका दीडशहाण्यानं लिहिलं, "आजी, गोळ्या वेळेवर घेता ना?" आणि त्याच्याखाली बाकीच्यांचे खी-खी हसणारे चेहरे! पांढऱ्या साडीतल्या बायका, उलटे पाय, वडावरून हाका — हे सगळं तुम्हाला चालतं. गाडीचा फ्लॅशर म्हटलं की आजीला गोळ्या. बरं आहे! गोळ्या घेऊन, चष्मा पुसून, सगळं आता नीट सांगते.

गोष्ट बीडची. दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं धरा. मोबाईल तेव्हा फक्त पुढाऱ्यांच्या कमरेला असायचे. आमचं घर बार्शी नाक्याजवळ, मोंढ्यात भुसाराचं दुकान. घर ते दुकान अंतर एवढं की इथून हाक मारली तर तिथला मुनीम ओ देईल. तरी मी हट्टानं गाडी घ्यायला लावली होती, आणि घेतली म्हणजे दुकानाला गाडीनंच जायचं, असा नियमही केला होता. तेव्हाची मी म्हणजे… काय सांगू? पन्नाशीला टेकलेली, पण नाक अजून पंचविशीतलं. शेजारणीनं मिक्सर घेतला की आमच्या घरात तीन दिवस कुणी सुखानं जेवायचं नाही.

आणि आमचे हे. सारा गाव त्यांना आप्पा म्हणायचा. नियमाचा माणूस. बीडमध्ये तेव्हा वळताना कुणी हात दाखवला तर तो ओळखीचा माणूस दिसला म्हणून. आप्पा मात्र प्रत्येक वळणाला इंडिकेटर द्यायचे. रस्ता मोकळा असला तरी. एकदा तर गल्लीत फक्त एक म्हैस उभी होती, तरी दिला. मी म्हटलं, "अहो, तिला काय कळतंय?" तर म्हणाले, "तिला कळू दे, न कळू दे. आपण सांगायचं काम करावं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला त्याचाच तर राग आहे.

तर झालं असं की औरंगाबादला माझ्या मावसबहिणीकडे गेलते. तिच्या गाडीचे इंडिकेटर बघितले आणि माझी झोप उडाली. आमच्या गाडीचे बल्ब पिवळट, मरतुकडे, दुपारी उन्हात पेटले तरी कळायचं नाही. तिचे मात्र लखलख. म्हणाली, "एलईडी टाकलेत गं. तुमच्या बीडात मिळत न्हाईत अजून." झालं! 'तुमच्या बीडात' म्हटल्यावर मी ते तिथूनच विकत घेऊन पदरात बांधून आणले.

आप्पा म्हणाले, "हायेत ते बल्ब चालतात की."

"चालतात. झळकत न्हाईत."

"बरं." वाद घालणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

कलीमभाई मेकॅनिकनं चारही बल्ब बदलले. बटन दाबलं तर दिवे वेड लागल्यासारखे फडफडायला लागले. माझा जीव खाली-वर. कलीमभाई हसला. डॅशबोर्डखाली हात घालून त्यानं एक गोल डबडी ओढून काढली — औषधाच्या बाटलीच्या बुचाएवढी, ॲल्युमिनियमची, खाली तीन पाय. म्हणाला, "भाभी, ये पुराना फ्लॅशर. बल्ब का करंट जाता तो इसके अंदर की तार तपती, टिक. ठंडी होती, टिक. तुम्हारे नये बल्ब कुछ खातेच नै. इसको लगता बल्ब गया, तो बोंब मारता. नया इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर डालता मैं. आवाज बी नै, झंझट बी नै."

नवा फ्लॅशर खरंच मुका होता. दिवे शिस्तीत, लखलखीत, पण गाडीतली ती टिक-टिक गेली. आप्पांना चुकल्यासारखं झालं. "आवाज न्हाई तर चालू राहिलाय हे कळावं कसं?" मी म्हटलं, "डोळे हायेत की!"

काढलेला माल मेकॅनिककडे सोडायचा नाही, ही आमच्या वाण्याच्या घरातली रीत. जुने बल्ब आणि तो फ्लॅशर मी मागून घेतला. बल्ब कुठे गेले देव जाणे. फ्लॅशर मी स्वयंपाकघरात वेलदोड्याच्या डबीत टाकला, कारण हाताशी तीच अर्धी रिकामी डबी होती. गाडी फाटकाजवळ, डबी खिडकीजवळच्या फळीवर. मध्ये भिंत, अंगण, तुळस. वायर नाही, बॅटरी नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे माझी नात हेच विचारणार आहे.

पुढचा सोमवार. आप्पा अंघोळ-पूजा करून नेहमीपेक्षा लवकर निघाले. मी पोहे भिजवत होते. आणि फळीवरून आवाज आला — टिक… टिक… टिक… टिक.

मला वाटलं पाल चुकचुकतेय. केरसुणी घेतली. आवाज थांबला. मिनिटभरानं पुन्हा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा दोनदा, लागोपाठ. पाल कुठेच नव्हती. तासाभरानं परत तेच.

मंगळवारी काही नाही. बुधवारी नाही. शनिवारपर्यंत डबी गप्प. आप्पा रोज गाडी काढत होते, रोज वळत होते, इंडिकेटर देत होते. डबी मात्र गप्प.

दुसरा सोमवार. या खेपेला मी डबीसमोर उभीच होते. झाकण काढलं. आप्पांनी फाटकातून गाडी बाहेर काढली, मला खिडकीतून दिसत होतं. डावा दिवा लखकन पेटला आणि त्याच क्षणी डबीत — टिक! दिवा विझला — टिक! फ्लॅशर थरथरत होता आणि त्याच्या शेजारचे वेलदोडे नाचत होते. मी बोट लावलं. गरम लागला!

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? देवापुढे दिवा लावला असता. मी काय केलं? मोजायला बसले. दुकानाची वळणं मला पाठ — फाटक, नाका, मोंढ्याची गल्ली. तीन. डबी वाजली चारदा. फाटक, नाका, मग लांबलचक शांतता, म्हणजे बिंदुसरा नदीच्या पुलावरून सरळ पलीकडे! मग दोन वळणं. आणि तासाभरानं तशीच परत.

पलीकडे आमचं काय होतं? काहीच नाही.

मी दुकानात फोन लावला. मुनीम म्हणाला, "आप्पा आणखी आलेच न्हाईत, वहिनी."

दुपारी ताट वाढताना सहज विचारलं, "आज लई काम होतं वाटतं?"

"मोंढ्यात लई गर्दी होती," म्हणाले. मान खाली.

बघा, खोटं बोलले नाहीत. मोंढ्यात गर्दी असणारच. पण वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात या माणसानं पहिल्यांदाच माझ्यापासून नजर चोरली. रात्री त्यांचा सदरा धुवायला घेतला तर खिशात काय? बेलाचं पान. आणि बाहीला विभूती. मी म्हटलं, अगं बाई, भक्तीण हाय वाटतं!

हसू नका. तेव्हा हसू येत नव्हतं. आठवडाभर मी त्या बाईला मनात रंगवत होते. गोरी, ठसठशीत कुंकू, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हातचं पुरण एकदम मऊसूत. घरात आपोआप वाजणारी वस्तू आहे, याची मला भीती वाटायला पाहिजे होती की नाही? छे! ती वस्तू काय आहे हा विचारच नाही. ती काय *सांगतेय* याचीच आग. भूत माझ्या बाजूनं साक्ष देतंय म्हटल्यावर भुताची जात कोण विचारतो?

तिसऱ्या सोमवारी मी आप्पांच्या आधी निघाले. "लिंबागणेशला जाऊन येते, नवस हाय," असं सांगून. खोटं मी बोलले, ते नाही! बबन नावाचा ऑटोवाला होता, त्याच्या ऑटोत बसून पूल ओलांडून नगर नाक्याच्या अलीकडे थांबले. डबी पिशवीत.

पाच मिनिटं झाली. पिशवी वाजायला लागली.

बबननं वळून बघितलं. "काकू, पिशवीत गजराचं घड्याळ हाय का?"

"हाय. तू पुढं बघ."

"लईच जोरात वाजतंय की ओ… काई दुसरंच न्हाई ना?" आणि तो ऑटोच्या बाहेर निम्मा सरकला.

तेवढ्यात समोरून आमची गाडी. खरं सांगते, त्या गर्दीत मला ती दिसली नसती. ट्रक, जीपा, उसाचे ट्रॅक्टर. पण डावा दिवा एवढा लखलखत होता की आंधळ्यालाही दिसावा. माझ्याच हौसेचे बल्ब! जुने असते तर निसटले असते आप्पा.

गाडी एका गल्लीत शिरली. आम्ही मागून. तिसऱ्या घरापुढे ती थांबली. आप्पा उतरले. ऑटो कोपऱ्यावर थांबवून मी बघतेय आणि डोक्यात प्रकाश पडतोय… हे घर मला माहीत होतं.

आता इथं मला माझी लाज सांगायला लागेल. ते घर माझ्या नणंदेचं, आप्पांच्या मोठ्या बहिणीचं. आक्कांचं. अकरा वर्षांपूर्वी एका लग्नात, पंगतीत, सगळ्या बायकांसमोर आक्का म्हणाल्या होत्या, "सुमनच्या पोळीत पुरण हुडकायला चष्मा लागतोय." एवढंच. बायका हसल्या. मी घरी येऊन आप्पांना शपथ घातली — त्या घराचा उंबरा ओलांडलात तर माझं मेलेलं तोंड बघाल. आणि आक्कांचं नावही माझ्यापुढं कुणी काढायचं नाही. पुरणावरून! अकरा वर्षं! आज कुणी मला ती सुमन भेटवली ना, तर दोन ठेवून देईन.

ओट्यावर खुर्चीत आक्का बसल्या होत्या. मी ओळखलंच नाही आधी. डावी बाजू लुळी पडलेली. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला होता, हे मला नंतर कळलं. मला सांगणार कोण? नाव काढायची बंदी मीच केलेली. मुलगा-सून दोघं शाळेवर नोकरीला. सून जाताना त्यांना उन्हाला ओट्यावर बसवून जायची.

आप्पा खाली पायरीवर बसले. आक्कांच्या गळ्यातलं लिंग त्यांनी सोडवलं. आमच्या लिंगायतांत लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. उजव्या हातानं विभूती, बेल, पाणी. आक्कांचा डावा हात तर मांडीवर नुसता पडलेला. आप्पांनी तो हात आपल्या हातावर घेतला, खालून ताठ धरला, वर लिंग ठेवलं. आक्कांनी उजव्या हातानं बेल वाहिला. दोघांचे डोळे मिटलेले. बाकीचे दिवस म्हणे आक्का मांडीवर फडकं अंथरून त्यावर लिंग ठेवायच्या आणि रडायच्या. सोमवारी मात्र तळहातावर. भावाच्या हातावरचा का होईना, आपला तळहात.

आणि आप्पा ओट्याच्या पायरीवर. दार सताड उघडं, आत गारवा, पण माणूस उन्हात बसलाय. दोन वर्षं सोमवारचे सोमवार. एकदाही उंबरा ओलांडला नाही. मी शपथ घातली होती ना!

मी ऑटोत बसून राहिले. आणि पिशवी? पिशवी वाजतच होती. टिक, टिक, टिक, टिक… थांबेचना. कारण गाडीचा दिवा चालूच होता. नवा फ्लॅशर मुका, आप्पा घाईत उतरले, किल्ली तशीच, दिवा बंद करायचं राहून गेलं. दिवा लागला — टिक. विझला — टिक. भर सकाळी, लख्ख उन्हात, माझ्या या दोन डोळ्यांसमोर. बबनच्याही समोर! तो म्हणाला, "काकू, तुमची पिशवी आन् त्या गाडीचा दिवा एकाच तालावर चालायलेत की!" हे त्याचे शब्द. नंतर शंभर वेळा विचारलं तर काय म्हणतो? "ऑटोचंच काईतरी वाजत असंल, काकू." मेल्या! माझा एकुलता एक साक्षीदार, आणि तोही फिरला.

मी उतरले. गाडीचं दार उघडून आत बसले, इंडिकेटरची दांडी सरळ केली. दिवा विझला. पिशवी गप्प.

आप्पांनी डोळे उघडले. मला बघितलं. हात मात्र हलवला नाही, आक्कांचा तळहात तसाच धरून ठेवला. पूजा अर्धी होती.

"कोण हाय रे?" आक्कांनी मान वळवली. मग वाकड्या झालेल्या ओठांतून त्या म्हणाल्या, "सुमे… अकरा वर्सं लागली व्हय गं इकडं वळायला?"

मला रडू येत होतं आणि राग त्याच्याहून जास्त येत होता. मी आप्पांवर ओरडले, "मला सांगितलं कावून न्हाई?"

"नाव काढायचं न्हाई म्हणालीस."

"मग? माझं ऐकायलाच पाहिजे होतं का?"

"शपथ तुझी होती," आप्पा शांतपणे म्हणाले. "मोडायला मी कोण? सोडव आता, पाय भाजायलेत."

मी ओटा चढले, उंबरा ओलांडून आत गेले, आणि आतून ओरडले, "या! सोडवली!" ते आत आले. मोठ्या माणसासारखे नाही, शाळा सुटलेल्या पोरासारखे आले. पुढच्या सोमवारी मी पुरणपोळ्या केल्या. आक्कांनी एक तुकडा खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, "चष्मा कुठं ठिवला गं माझा?"

त्यानंतर आक्का होत्या तोवर दर सोमवारी आम्ही दोघं जायचो. डावा हात धरायला कधी आप्पा, कधी मी. डबी दोनदा पिशवीतून नेऊन बघितली. गप्प. घरी फळीवर ठेवली, तेव्हाही कधी ऐकू आली नाही. म्हणजे सोमवारी त्या वेळेला घरी आम्ही नसायचोच. वाजत होती की नव्हती, कोण सांगणार? शेजारणीला बसवून ऐकायला लावता आलं असतं. लावलं नाही.

आता माझी नात, ऋता. पुण्यात इंजिनिअर आहे. तिनं मीटर लावून फ्लॅशर तपासला. "आजी, यातली तार तुटलेली आहे. बॅटरी जोडली तरी हा वाजणार नाही."

"मग वाजला कसा?"

"तुला भास झाला असेल. तुझ्या मनात आधीपासून संशय असणार."

संशय! अगं, तोपर्यंत माझ्या मनात मावसबहिणीचे इंडिकेटर सोडून दुसरं काही नव्हतं! आणि भासाला पुलाच्या पलीकडची वळणं मोजता येतात का? भासानं बोटाला चटका बसतो का? इंजिनिअर झाली म्हणून आजीला शिकवायला निघाली. बरं, भास नाही तर काय, हेही मला सांगता येत नाही, हे कबूल. आक्कांनी आठवण काढली म्हणावं, तर आक्का जिवंत होत्या. देवाचं काम म्हणावं, तर देवाला फ्लॅशर कशाला लागतो? कलीमभाई म्हणाला होता, बल्ब गेला की तो बोंब मारतो. आमच्या घरात काय गेलं होतं, हे त्या डबडीला कुणी सांगितलं? मला माहीत नाही. वीसेक वर्षं झाली, मला अजून माहीत नाही.

आक्का गेल्या. आप्पाही गेले, या श्रावणात चार वर्षं होतील. कपिलधारला दर्शन घेऊन आलो, रात्री व्यवस्थित जेवले, सकाळी उठलेच नाहीत. ना आजार, ना तक्रार, ना एक शब्द.

डबी अजून फळीवर आहे. वेलदोडे बदलते, फ्लॅशर तोच. सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघर सोडत नाही. हसायचं असेल तर हसा, लिहा काय लिहायचं ते. पण आप्पांवरचा माझा राग जात नाही. गल्लीतल्या म्हशीला इंडिकेटर देणारा माणूस. आपण सांगायचं काम करावं, म्हणणारा. एवढं मोठं वळण घेतलं, आणि मागं मी बसलेय हे माहीत असून, मला काही म्हणजे काही दाखवलं नाही.